कोमेजणाऱ्या टोमॅटोची साक्ष



आज आम्ही एका तक्त्यावर टीका करणार आहोत. हा तक्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वहीत उतरवून घेतलेला असेल, आणि आम्ही वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मंडळींनी तो वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेला आहे. वर मथळा: वनस्पतींची संप्रेरकं. मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या एका बाजूला वाढ घडवणारी संप्रेरकं: ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन. दुसऱ्या बाजूला वाढ रोखणारं: अ‍ॅब्सिसिक आम्ल. इथिलीन कुठल्या बाजूला बसवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि अ‍ॅब्सिसिक आम्लासमोर चार मुद्दे. पानं-फळं गळवतं, बियांना सुप्तावस्थेत ठेवतं, पर्णरंध्रं बंद करतं, वाढ थांबवतं. दोन गुणांचा प्रश्न, चार ओळींचं उत्तर, पुढचा धडा.

आमचं म्हणणं असं आहे की या चारपैकी दोन ओळी बरोबर आहेत, एक जवळजवळ चुकीची आहे, आणि एक इतकी अर्धवट आहे की तिच्यामुळे उलटाच समज होतो. हे आम्हाला कुणी सांगितलं? ज्या रोपांच्या अंगात हे आम्ल पुरेसं तयारच होत नाही, त्या रोपांनी. ही रोपं म्हणजे म्यूटंट. मराठीत आपण त्यांना उत्परिवर्तित रोपं म्हणतो, पण प्रयोगशाळेत सगळे म्यूटंटच म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरू. या रोपांची साक्ष गेली पन्नासहून अधिक वर्षं उपलब्ध आहे. फळ्यावरच्या तक्त्यात मात्र ती नीट पोचलेली नाही.

नाव कसं पडलं

आधी नावाकडे बघू, कारण पहिली चूक नावातच आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे फ्रेडरिक अ‍ॅडिकॉट यांचा गट कपाशीची कोवळी बोंडं का गळतात, याचा शोध घेत होता. बोंडांतून त्यांनी एक पदार्थ वेगळा केला आणि १९६३ मध्ये तो जाहीर केला. गळून पडण्याला इंग्रजीत अ‍ॅब्सिशन म्हणतात, म्हणून त्याचं नाव ठेवलं अ‍ॅब्सिसिन दोन. त्याच सुमारास तिकडे वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथला फिलिप वेअरिंग यांचा गट वेगळ्याच प्रश्नावर काम करत होता. हिवाळा जवळ आला की झाडाचे शेंडे झोपी कसे जातात? त्यांनी सिकामोर झाडाच्या पानांतून एक पदार्थ मिळवला आणि त्याला नाव दिलं डॉर्मिन, म्हणजे झोपवणारा. १९६५ मध्ये जॉन कॉर्नफर्थ यांनी दाखवलं की हे दोन्ही पदार्थ एकच आहेत. हेच कॉर्नफर्थ पुढे १९७५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. मग एकच नाव ठरवायची वेळ आली, आणि नाव गळतीच्या बाजूने पडलं: अ‍ॅब्सिसिक आम्ल.

पुढे कळलं ते असं, की पान किंवा फळ गळण्यात मुख्य भूमिका इथिलीनची, आणि ती गळती अडवून धरणाऱ्या ऑक्झिनची. अ‍ॅब्सिसिक आम्लाचा हात असला तरी तो बहुतेक ठिकाणी आडून असतो. म्हणजे ज्या कामावरून या पदार्थाचं बारसं झालं, ते काम मुख्यतः दुसऱ्याचंच निघालं. नाव आता बदलणं शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. पण नाव हा पुरावा नव्हे, एवढं तरी वर्गात सांगायला हवं.

आता 'वाढ रोखणारं' ही उपाधी कुठून आली? ती आली ओतण्यातून. त्या काळात संप्रेरक तपासायची रूढ रीत अशी होती: पदार्थ शुद्ध करायचा, रोपावर किंवा रोपाच्या तुकड्यावर घालायचा आणि काय होतं ते बघायचं. अ‍ॅब्सिसिक आम्ल घातलं की वाढ मंदावते, बी उगवत नाही. निष्कर्ष काढला: वाढरोधक.

ही रीत खोटी नाही, पण अपुरी आहे. आमटीत मूठभर मीठ टाका आणि चव घेऊन ठरवा की मिठाचं काम आमटी बिघडवणं. मीठ काय करतं हे कळायला अळणी आमटी चाखावी लागते. वनस्पतिशास्त्रात ही अळणी आमटी म्हणजे म्यूटंट.

पहिली साक्ष: टोमॅटो

पूर्व जर्मनीत गाटर्सलेबेन इथे हान्स श्टुब्ब यांनी १९५०च्या दशकात टोमॅटोच्या बियांवर क्ष-किरण सोडून अनेक म्यूटंट मिळवले. त्यांतले तीन असे होते की भर दुपारी, मुळाशी पाणी असूनही, मान टाकायचे. त्यांना लॅटिन नावं मिळाली: फ्लाका म्हणजे मलूल, सिटियन्स म्हणजे तहानलेला, आणि नोटाबिलिस म्हणजे लक्षणीय. पुढे १९६६ मध्ये मोशे टाल यांनी दाखवलं की या रोपांची पर्णरंध्रं नीट मिटतच नाहीत. अंधार झाला तरी उघडी, पान सुकलं तरी उघडी.

पर्णरंध्र म्हणजे दोन रक्षक पेशींमधली फट. पेशी पाण्याने फुगल्या की फट उघडते, मऊ पडल्या की मिटते. पाणी कमी पडू लागलं की निरोगी रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं. ते रक्षक पेशींना आतले क्षार बाहेर सोडायला लावतं, क्षारांमागोमाग पाणी जातं, पेशी मऊ पडतात आणि दार बंद होतं. आम्ल नसेल तर दार सताड उघडं राहतं. अशा रोपाचं पान माठासारखं असतं बघा. सारखं पाणी उडत असल्यामुळे ते गार राहतं. पुढच्या काळात उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने रोपांच्या गर्दीतून गार पानं शोधून असे म्यूटंट निवडण्यात आले, इतका तो फरक स्पष्ट असतो.

१९७० मध्ये इंबर आणि टाल यांचा 'सायन्स'मधला छोटा शोधनिबंध आला. फ्लाका रोपांना बाहेरून अ‍ॅब्सिसिक आम्ल देत राहिलं, तर ती जवळजवळ निरोगी रोपांसारखी दिसू लागतात. पाठ्यपुस्तकात हा प्रयोग आला तर एका ओळीत येतो: आम्ल नव्हतं, दिलं, रोप सुधारलं.

समीक्षक म्हणून इथे थांबायला हवं. एवढ्यावरून आम्लाची कमतरता होती असं सिद्ध होतं का? नाही होत. ताप आलेल्या माणसाला पॅरासिटामॉल दिलं आणि ताप उतरला, म्हणून त्याच्या अंगात पॅरासिटामॉल कमी पडलं होतं असं आपण म्हणत नाही. अ‍ॅब्सिसिक आम्ल दिलं की कुठल्याही रोपाची रंध्रं मिटतात. मग फ्लाकाची मिटली यात विशेष ते काय?

या कामाचं वजन वेगळ्या दोन गोष्टींत आहे. एक, या गटाने फ्लाकाच्या अंगातलं आम्ल मोजलं आणि ते खरोखरच निरोगी रोपापेक्षा बरंच कमी भरलं. दोन, नुसतं मलूल होणं गेलं असं नाही. फ्लाकाची पानं खाली वळलेली असायची, खोडावर जागोजागी मुळं फुटायची. ही लक्षणंही आम्लाने कमी झाली. रंध्रं मिटवणारं कुठलंही औषध हे करू शकलं नसतं. आमच्या मते खरा पुरावा हा आहे, आणि वर्गात नेमका हाच भाग गाळला जातो.

शेवटचं शिक्कामोर्तब व्हायला मात्र बरीच वर्षं गेली. नोटाबिलिसचं बिघडलेलं जनुक १९९९ मध्ये कळलं, फ्लाकाचं २००२ मध्ये. तिन्ही म्यूटंटमध्ये हे आम्ल तयार करणाऱ्या साखळीचीच वेगवेगळी कडी तुटलेली आहे.

दुसरी साक्ष: न उगवणारं बी उगवलं

आता नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनला जाऊ. साल १९८२. मार्टेन कूर्नेफ, कार्सेन आणि त्यांचे सहकारी अराबिडॉप्सिसवर काम करत होते. हे मोहरीच्या कुळातलं वीतभर रोपटं, जनुकशास्त्रज्ञांचं लाडकं. त्यांच्याकडे एक असा वाण होता ज्यात जिबरेलिन तयारच होत नाही. जिबरेलिन नाही म्हणून त्याचं बी बाहेरून जिबरेलिन दिल्याशिवाय उगवत नाही.

त्यांनी काय केलं, तर या न उगवणाऱ्या वाणात रसायनाने आणखी उत्परिवर्तनं घडवली, पुढच्या पिढीचं ढीगभर बी ओल्या कागदावर टाकलं आणि वाट बघितली. जिबरेलिन दिलं नाही. जे बी तरीही उगवेल ते उचलायचं. पद्धत म्हणून हे फार शहाणपणाचं होतं. चटकन उगवणाऱ्या बियांमधून आणखी चटकन उगवणारं बी शोधणं कठीण. पण जिथे काहीच उगवायला नको, तिथे उगवलेलं एक हिरवं रोप सहज डोळ्यांत भरतं.

उगवलेल्या रोपांत अ‍ॅब्सिसिक आम्लाची कमतरता असलेले म्यूटंट सापडले. आणि ही रोपं वाढायला लागल्यावर कोमेजू लागली. या प्रयोगाचं महत्त्व आम्हाला इथे दिसतं. निवड केली होती उगवण्यावरून. पाण्याचा, रंध्रांचा, कोमेजण्याचा कुणी विचारही केला नव्हता. न मागता मिळालेली साक्ष ही मागून घेतलेल्या साक्षीपेक्षा जास्त भरवशाची असते. बियाची झोप आणि पानाचं दार, दोन्हींमागे एकच पदार्थ आहे, हे इथे रोपाने स्वतःहून सांगितलं. इकडे टोमॅटोत निवड झाली होती कोमेजण्यावरून, आणि सिटियन्सचं बी पिकून गेलेल्या फळाच्या आतच उगवतं असं पुढे दिसलं. दोन वेगळ्या झाडांची, दोन वेगळ्या वाटांनी आलेली साक्ष जुळली.

म्हणजे आपल्या तक्त्यातल्या मधल्या दोन ओळी, सुप्तावस्था आणि पर्णरंध्रं, पक्क्या आहेत. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही.

तिसरी साक्ष: आईचं आणि भ्रूणाचं

पण 'बियांना सुप्तावस्थेत ठेवतं' या ओळीतही एक प्रश्न दडलाय. कुणाचं आम्ल? बी म्हणजे एकटा जीव नव्हे. बाहेरचं कवच आईच्या पेशींचं, आतला भ्रूण आई-बाप दोघांचा. पिकत असलेल्या बियातलं आम्ल मोजलं तर ते मधल्या काळात खूप वाढतं आणि नंतर उतरतं. साहजिकच वाटेल की सगळ्यात जास्त आम्ल असतं तेव्हाच बियाची झोप ठरत असेल.

१९८३ मध्ये याच गटाने उलटसुलट संकर करून हे तपासलं. आई म्यूटंट आणि परागकण निरोगी, असा संकर केला तर आईच्या पेशी आम्ल करू शकत नाहीत, पण भ्रूण करू शकतो. ते बी झोपलं. उलट, ज्या बियात आई आम्ल करू शकते पण भ्रूण करू शकत नाही, ते झोपलं नाही. आम्लाचा मोठा वाटा आईचा होता, तो आधी येत होता, आणि सुप्तावस्थेसाठी तो पुरेसा नव्हता. उशिरा येणारा, कमी मापाचा, भ्रूणाचा स्वतःचा वाटा निर्णायक ठरला.

आम्हाला विचाराल तर आज सांगितलेल्या तीन कामांत हे सगळ्यात मोलाचं. कारण यात एक सवय मोडली जाते: जिथे जास्त तिथे काम. नुसतं बी वाटून आम्ल मोजणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. मग आईचं आम्ल वाया जातं का? तसंही नाही. तंबाखूच्या एका रानटी नातेवाइकावर २००४ मध्ये झालेल्या कामातून दिसलं की आईचं आम्ल बियाच्या वाढीला आणि बियांच्या उत्पन्नाला लागतं. वाढीला, बरं का. ज्याला आपण वाढरोधक म्हणतो तेच.

चौथी ओळ: वाढ थांबवतं

इथे आपण मुख्य टीकेवर आलो. हे आम्ल नुसतंच वाढरोधक असतं, तर ते नसलेलं रोप कसं असायला हवं? ब्रेक नसलेल्या गाडीसारखं. उंच, ताडमाड, पसरलेलं. प्रत्यक्षात हे म्यूटंट खुजे असतात. पानं लहान, खोड आखूड.

यावर वर्गातला हुशार विद्यार्थी लगेच म्हणेल, सर, ते पाण्यावाचून खुरटले असतील. शंका अगदी योग्य आहे, आणि बरीच वर्षं हेच उत्तर मानलं गेलं. ते तपासायचं तर रोपाला कोमेजू न देता वाढवावं लागेल. रॉबर्ट शार्प यांच्या गटाने टोमॅटोवर तेच केलं, आणि २००० मध्ये ते प्रसिद्ध झालं. हवेतली आर्द्रता अशी राखली की म्यूटंटच्या पानातली पाण्याची स्थिती निरोगी रोपाइतकी किंवा त्याहून चांगली राहील. तरीही म्यूटंट खुजेच राहिले. म्हणजे पाणी हे कारण पुरेसं नाही. या रोपांतून इथिलीन जास्त बाहेर पडत होतं. अ‍ॅब्सिसिक आम्ल नेहमीच्या मापात असतं तेव्हा ते इथिलीनला आवर घालतं. ते नसलं की इथिलीन मोकाट सुटतं आणि वाढ खुंटते. २००४ मध्ये अराबिडॉप्सिसवर याला दुजोरा मिळाला. आम्ल नसलेल्या म्यूटंटमध्ये इथिलीन न जाणवण्याचं उत्परिवर्तन संकराने आणलं, तेव्हा हरवलेल्या वाढीचा काही भाग परत आला.

आता फ्लाकाची ती खाली वळलेली पानं आणि खोडावरची मुळं आठवा. पानं अशी वळणं ही तर इथिलीनची ओळखीची खूण. सुरुवातीला संशय ऑक्झिनकडे गेला, ते वाढलेलं दिसतही होतं, आणि १९७० च्या दशकातच त्या गटाचं लक्ष इथिलीनकडेही वळलं होतं. लक्षण पहिल्यापासून समोर होतं. पण 'वाढरोधक' ही पाटी लागलेली असल्यामुळे, या आम्लामुळे वाढ टिकते, असं म्हणायला फार वेळ लागला. पाटीचा तोटा असा होतो.

मग ओतून बघणाऱ्यांना जे दिसलं ते खोटं का? नाही. जास्त मापात हे आम्ल वाढ रोखतंच, दुष्काळात त्याचं प्रमाण वाढतं तेव्हाही बऱ्याच अवयवांची वाढ मंदावते. पण रोजच्या मापात ते वाढीला आधार देतं. त्याच कारणाने 'ताणाचं संप्रेरक' ही दुसरी लोकप्रिय पाटीही अपुरी आहे. गव्हाचं पान कोमेजलं की त्यात हे आम्ल वाढतं, हे १९६९ पासून माहीत आहे. ते बरोबरच. पण ताण नसतानाही थोडं आम्ल लागतंच, आणि ते नसलं की रोप खुजं होतं.

उलटतपासणी

इतका वेळ आम्ही म्यूटंटची बाजू मांडली. आता त्यांचीही उलटतपासणी व्हायला हवी, नाहीतर एक अंधश्रद्धा काढून दुसरी बसवल्यासारखं होईल.

पहिला आक्षेप: तुटलेल्या कडीमुळे एकच गोष्ट नाहीशी होते असं नाही. मक्याचे काही म्यूटंट आहेत ज्यांचे दाणे कणसावरच उगवतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ते अभ्यासात आहेत. त्यांतले बरेचसे पांढरे पडतात. कारण अ‍ॅब्सिसिक आम्ल बनतं गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइडांच्या कुळातून. चाळीस कार्बनांचा लांब रेणू कापून पंधरा कार्बनांचा तुकडा होतो, आणि त्यातून हे आम्ल. साखळी वरच्या टोकाला तुटली तर रंगद्रव्यंही जातात आणि आम्लही. अशी पांढरी रोपं उजेडात करपून मरतात. ती आम्लावाचून मेली असं कुणी म्हटलं तर ते चूक. कापणारं एन्झाइमच बिघडलेला मक्याचा म्यूटंट त्या मानाने स्वच्छ साक्षीदार, आणि १९९७ मध्ये त्यावरूनच ते एन्झाइम ओळखलं गेलं. आपल्या फ्लाकातही असंच आहे. त्यात बिघडलंय ते मॉलिब्डेनमशी संबंधित एक सहघटक पूर्ण करणारं एन्झाइम, आणि त्यावर आणखीही एन्झाइमं अवलंबून असतात. म्हणून एका म्यूटंटवर भिस्त ठेवू नये. वेगवेगळ्या कड्या तुटलेले तीन-चार म्यूटंट एकच गोष्ट सांगत असतील, तर ती मानावी.

दुसरा आक्षेप: आम्ल नसणं आणि आम्लाचं न ऐकणं, ही लक्षणं वरवर सारखी दिसतात. काही म्यूटंटमध्ये आम्ल भरपूर असतं, पण निरोप पोचत नाही. ओळखायचं कसं? आम्ल द्या. सुधारलं तर कमतरता, नाही सुधारलं तर बहिरेपणा. इंबर आणि टाल यांच्या त्या साध्या प्रयोगाचा खरा उपयोग इथे होतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. म्यूटंट काहीच बोलला नाही, तर त्याचा अर्थ काय? या आम्लाचा ग्राही, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, कित्येक वर्षं सापडत नव्हतं. २००६ मध्ये एका नामांकित नियतकालिकात एक दावा छापून आला, आणि इतरांना तो पडताळता न आल्यावर २००८ मध्ये मागे घेतला गेला. अखेर २००९ मध्ये शॉन कटलर यांच्या आणि एर्विन ग्रिल यांच्या गटांनी एकाच वेळी एक प्रथिनकुटुंब दाखवून दिलं. अराबिडॉप्सिसमध्ये त्या कुटुंबात १४ सदस्य आहेत. एक गेला तर बाकीचे काम सांभाळतात, त्यामुळे एकेकट्या म्यूटंटमध्ये फारसं काही दिसतच नव्हतं. चौघांना एकदम काढलं तेव्हा रोप आम्लाला दाद देईनासं झालं. एकत्र कुटुंबात एक जण गावाला गेला तरी घर चालतं, म्हणून तो काहीच करत नव्हता असं होत नाही. म्यूटंटचं मौन हे निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र नव्हे.

शेतात याचा काय संबंध

तुम्ही म्हणाल, तक्त्यातल्या दोन ओळी चुकल्या तर एवढं काय बिघडतं? बिघडतं ते असं. 'रोधक' म्हटलं की आपल्या मनात तो अडथळा होतो, आणि अडथळा काढून टाकायचा असतो. माणसाने शेती सुरू केल्यापासून बियाची झोप कमी करत आणली आहे. पेरलं की सगळं एकदम उगवावं, ही मागणी रास्तच आहे. पण त्या मागणीची किंमत कुठे मोजावी लागते? काढणीच्या तोंडावर पाऊस लागला की मुगाला शेंगेतच मोड येतात, ज्वारीच्या कणसात दाण्याला कोंब फुटतात. भुईमुगात पसऱ्या वाणांना सहसा सुप्तावस्था असते, उपट्या वाणांना बहुतेक नसते. त्यामुळे काढणी लांबली आणि जमीन ओली राहिली, तर शेंगा मातीतच उगवू लागतात. म्हणून उपट्या भुईमुगातही दोन-तीन आठवड्यांची झोप परत आणायचा प्रयत्न पैदासकार करत आले आहेत. ही पिकं आजच्या गोष्टीतल्यासारखी म्यूटंट नाहीत, आणि प्रत्येक ठिकाणी कारण केवळ या एका आम्लाचं नसतं, हे आवर्जून सांगतो. पण नको इतकी झोप आणि नको इतकी जाग, दोन्ही तोट्याच्या, हे समजायला 'रोधक' हा शब्द मदत करत नाही.

झोप नसणं हा सरसकट दोषही नाही. कोकणातल्या खाडीत कांदळाचं झाड बघा. त्याचं बी फळातच, झाडावरच उगवतं आणि लांब शेंगेसारखं लोंबत राहतं. मग ते चिखलात पडतं आणि रुजतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा खारफुटींच्या भ्रूणांत, त्यांच्या न झोपता उगवणाऱ्या नव्हे तर नेहमीच्या रीतीने बी टाकणाऱ्या नातेवाइकांपेक्षा, हे आम्ल कमी आढळलं. मक्यात जे व्यंग, ते खाडीच्या चिखलात जगण्याचं साधन झालं.

तक्ता कसा असावा

टीका केली की पर्याय द्यावा लागतो. आमचा पर्याय साधा आहे. ती उभी रेघ पुसून टाका. अ‍ॅब्सिसिक आम्लासमोर असं लिहा: पाण्याचा खर्च आवरतं. बी झाडावरच उगवू नये म्हणून भ्रूणाला झोपवतं. नेहमीच्या मापात इथिलीनला आवरून वाढ टिकवतं, जास्त मापात वाढ रोखतं. गळतीत त्याचा वाटा दुय्यम, नाव मात्र तिच्यावरून. आणि खाली एक ओळ: हे आपल्याला कसं कळलं? आम्ल देऊन, आणि आम्ल नसलेली रोपं बघून. ही शेवटची ओळ परीक्षेत विचारली जाणार नाही. तरी ती लिहा. आम्ही ती बरीच वर्षं लिहिली नाही, आणि त्या काळात आमच्या वर्गातून गेलेल्या मुलांनी अर्धंच उत्तर पाठ केलं, याची खंत वाटते.

शेवटी एक प्रश्न आला होता, त्याचं थोडक्यात उत्तर देतो. एका शेतकरी श्रोत्यांनी विचारलं, की मग दुष्काळात हे आम्ल पिकावर फवारलं तर पाणी वाचेल का? तत्त्वतः रंध्रं मिटतील. पण दोन अडचणी आहेत. झाड हे आम्ल लवकर मोडून टाकतं, त्यामुळे परिणाम टिकत नाही. आणि दुसरं, रंध्रं मिटली की पाणी वाचतं तसा आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो, म्हणजे अन्न तयार होणं कमी होतं. दार बंद केलं की चोर येत नाही, तसा पाहुणाही येत नाही. काही देशांत लाल द्राक्षांना रंग भरावा म्हणून हे आम्ल फवारतात, पण तो वेगळा उपयोग झाला. दुष्काळासाठी बाटलीतलं उत्तर एवढ्यात शोधू नका, असंच आम्ही सांगू.